पिशवीची गाठ घट्ट होती, मग बोंबील नरमले कसे?

मैत्रिणींनो, पावसाळ्याची बेगमी हा आपल्या सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मे महिना सरायच्या आत पापड-कुरडया, तिखट-मसाले डब्यांत जाऊन बसतात. ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे सुके बोंबील, जवळा, सोडे हेही आलेच. एकदा मृग लागला, की मग ऊन शोधत बसावं लागतं.

त्या वर्षी मी मोठ्या हौसेने बोरिवलीहून लाँचने खाडी ओलांडून गोराईला गेले होते. समुद्राकाठी बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवलेले, आणि खालून वाऱ्याची झुळूक. एका कोळीणमावशींनी ओंजळभर बोंबील माझ्यासमोर धरले आणि त्यातला एक मोडून दाखवला. काडीसारखा कट्कन मोडला! मी पाव-पाव किलोचे दोन वाटे घेतले. घरी येऊन दोन पातळ पिशव्यांत घातले, करकचून गाठी मारल्या आणि कोरड्या किराण्याच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले.

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद. त्यामुळे पिशव्यांकडे कोणी बघितलंही नाही. पण पहिल्याच श्रावणी सोमवारी सासूबाईंच्या उपासाला मी साबुदाण्याची खिचडी केली. त्यांनी पहिला घास तोंडाशी नेला आणि ताट बाजूला सारलं. “अगं, या खिचडीला बोंबलाचा वास येतोय!” साबुदाणा खालच्या फळीवर होता, आणि तोही त्याच्या स्वतःच्या पिशवीत! त्या बिचाऱ्या दिवसभर दुधावर राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गणपती झाल्यावर बोंबील काढले, तर ते चामड्यासारखे नरम. काहींवर पांढुरकी बुरशी. माझा राग सगळा त्या मावशींवर. दिवाळीच्या आधी पुन्हा गोराईला जाणं झालं, तेव्हा मी त्यांना चार माणसांत म्हटलं, “मावशी, तुम्ही मला ओला माल दिलात.”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बाय, मी कडक वाळवून दिलं होतं. तुझ्यासमोर मोडून दाखवलं. तू ठेवलंस कशात?” मी म्हटलं, “पिशवीत. गाठ मारून.” त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “पावसात पिशवी म्हंजे काय डबा हाय?”

मला ते पटलं नव्हतं. प्लास्टिकची पिशवी म्हणजे बंद वस्तू, तिच्यातून पाणी गळत नाही, मग हवा कशी जाईल? पण पुढे या विषयात शिरले तेव्हा कळलं, की मावशींचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं, आणि ते मोजूनही दाखवता येतं. ती मोजण्याची गोष्टच आज तुम्हांला सांगायची आहे.

फुगा का बसतो?

मुलांच्या वाढदिवसाला आणलेला रबरी फुगा आठवा. तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो. आपण म्हणतो, गाठ सैल राहिली. पण गाठ कितीही आवळा, फुगा बसायचा तो बसतोच.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल नावाच्या डॉक्टरांनी १८३१ साली याच गोष्टीकडे लक्ष दिले. वायू रबराच्या पडद्याच्या आरपार जातो, आणि सगळे वायू सारख्या वेगाने जात नाहीत, असे त्यांना दिसले. कर्बवायू, म्हणजे आपण उच्छ्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड, बराच चपळ निघाला. पुढे १८६६ साली लंडनच्या थॉमस ग्रॅहॅम यांनी पद्धतशीर मोजमाप केले. रबरातून नायट्रोजन एक भाग जातो तेवढ्या वेळात ऑक्सिजन अडीच भाग, हायड्रोजन साडेपाच भाग आणि कर्बवायू साडेतेरा भाग जातो, असे त्यांचे आकडे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, रबराला बारीक भोकं असतील. ग्रॅहॅम यांचे मोठेपण इथेच आहे. भोकं असती, तर हलका वायू जास्त आणि जड वायू कमी गेला असता. पण कर्बवायू तर या सगळ्यांत जड! तेव्हा ते म्हणाले, की वायू आधी त्या पडद्यात विरघळतो, मग त्याच्या आतून वाट काढत पलीकडे जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. पाहुणा दारातून आत येऊन, माजघर ओलांडून परसदारी निघावा, तसे. चाळणीची उपमा इथे लागू पडत नाही.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. लोण्याचे भांडे चिरलेल्या कांद्याशेजारी उघडे ठेवले, की लोण्याला वास लागतो. म्हणजे वासाचे कण लोण्यात विरघळतात. आपली नेहमीची पिशवी ज्या पॉलिथिनची असते, ते मेणाच्या जातकुळीतले. तिला पाण्याचे वावडे, पण वासाच्या द्रव्यांशी तिचे चांगले जमते. म्हणून तर मसाल्याची पिशवी कितीही धुतली, तरी तिचा वास जात नाही. वास पिशवीला ‘लागलेला’ नसतो, तो पिशवीच्या अंगात मुरलेला असतो.

माझ्या बोंबलांचा वास असाच आधी स्वतःच्या पिशवीत मुरला, मग बाहेर पडला, कपाटात भरला आणि तिथून साबुदाण्याच्या पिशवीत शिरला. गाठीतून थोडाफार गेला असेलच, पण सगळा दोष गाठीचा नव्हता.

हे मोजतात कसं?

आपल्या उपनगरांतच, अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, १९६६ साली स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. वेष्टनांच्या कसोट्या घेणे हे तिचे एक काम. अशा प्रयोगशाळांतून पापुद्र्यांची परीक्षा मुख्यतः तीन तऱ्हांनी होते.

पहिली तऱ्हा दाबाची. दोन लहान धातूची भांडी तोंडाला तोंड लावून बसवतात आणि मध्ये पापुद्रा ताणून आवळतात. एका भांड्यात वायू भरतात, दुसऱ्यातली हवा काढून ते रिते करतात. मग रित्या भांड्यातला दाब किती हळू की भरभर चढतो, ते पाहायचे. जेवढा दाब चढला तेवढा वायू पापुद्र्यातून आला.

दुसरी तऱ्हा खास ऑक्सिजनसाठी. पापुद्र्याच्या एका बाजूने ऑक्सिजन सोडतात, दुसऱ्या बाजूने नायट्रोजनचा संथ प्रवाह. जो काही ऑक्सिजन चोरवाटेने पलीकडे पोचतो, तो नायट्रोजनबरोबर वाहत एका यंत्रापाशी जातो. तिथे ऑक्सिजनच्या प्रमाणात विजेचा प्रवाह निर्माण होतो. त्या प्रवाहावरून हिशेब मांडतात.

तिसरी तऱ्हा आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. एका उथळ वाटीत ओल शोषून घेणारे कोरडे कॅल्शियम क्लोराइड ठेवतात. वाटीच्या तोंडावर पापुद्रा बसवून कडा मेणाने बुजवतात. ती वाटी ३८ अंश उष्णतेच्या आणि ९० टक्के दमटपणाच्या कपाटात ठेवतात आणि रोज वजन करतात. वजन जितके वाढले तितकी वाफ पापुद्र्यातून आत आली. किती साधी युक्ती, नाही?

या मोजण्यात आणखी एक गंमत दिसते. सुरुवातीला काही काळ पलीकडे काहीच पोचत नाही, कारण वायू अजून पापुद्र्याच्या आतच मुरत असतो. मग हळूहळू झिरप सुरू होते आणि एका ठराविक वेगाला येऊन स्थिर होते. पापुद्रा दुप्पट जाड केला, तर झिरपण्याचा वेग निम्मा होतो, पण ही सुरुवातीची उसंत चौपट वाढते. म्हणून तर कपाटात पहिल्या दिवशी वास येत नाही आणि आपण निर्धास्त राहतो!

आकडे काय सांगतात?

पिशव्यांची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. २५ मायक्रॉनचा पापुद्रा आपल्या केसाहूनही पातळ.

असा एक चौरस मीटर साध्या मऊ पॉलिथिनचा पापुद्रा घेतला, आणि एका बाजूला निव्वळ ऑक्सिजन ठेवला, तर दिवसाला सुमारे सात-आठ हजार मिलिलिटर, म्हणजे सात-आठ लिटर ऑक्सिजन पलीकडे जातो. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या करतात त्या पॉलिएस्टरचा तेवढाच पापुद्रा घेतला, तर हाच आकडा शंभर मिलिलिटरच्या आत येतो. म्हणजे कुठे बादलीभर आणि कुठे अर्धा कप! त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा बारीक मुलामा दिला, तर तोही अनेक पटींनी उतरतो. वेफर्सचं पाकीट आतून चकचकीत का असतं, ते आता ध्यानात आलं ना? वाढदिवसाचा चकचकीत फुगा रबरी फुग्यापेक्षा कितीतरी दिवस टिकतो, तोही याच कारणाने.

पण वाफेच्या बाबतीत चित्र बदलते. मऊ पॉलिथिन वाफ बऱ्यापैकी अडवते. वाटीच्या कसोटीत एका चौरस मीटरमधून दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम जाते. ऑक्सिजन अडवण्यात तरबेज असलेले नायलॉन मात्र वाफेपुढे दुबळे ठरते. म्हणजे सर्वगुणसंपन्न पापुद्रा मिळणे कठीण. म्हणून मसाल्याच्या, कॉफीच्या पाकिटांत निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एक थर वास आणि हवा अडवतो, दुसरा ओल अडवतो आणि गरम करून चिकटतो.

आता माझ्या बोंबलांचा हिशेब करू या. वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच पिशवी. दोन्ही बाजू धरून १,२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरचा साधारण आठवा हिस्सा. कसोटीच्या कपाटात तिच्यातून दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास ओल आत जाईल. आपल्या घरात तेवढा उकाडा नसतो आणि बोंबीलही अगदीच ठणठणीत कोरडे नसतात. म्हणून चौथा हिस्साच धरू. अर्धा ग्रॅम रोज. माल ओलसर होत जातो तसा वेग आणखी मंदावतो. तरी ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात पाव किलो मालात पंधरा-वीस ग्रॅम पाणी सहज शिरेल. बुरशीला एवढी मेजवानी पुष्कळ झाली. शिवाय ऑक्सिजन आत येतो तो वेगळाच. त्याने मासळीतली चरबी खवट होते आणि माल पिवळा पडतो.

मावशींनी हा हिशेब कधी केलेला नव्हता. पण वर्षानुवर्षांच्या वाळवणीने त्यांना उत्तर ठाऊक होतं. आणि मी, शिकलेली म्हणवणारी, त्यांना खोटं पाडायला निघाले होते.

हाच प्रश्न डोंगराएवढा

गोराईचं नाव निघालं की बोरिवलीकरांना दुसराही एक वास आठवेल. खाडीच्या अलीकडच्या काठावरचं कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड! १९७२ पासून २००७ पर्यंत तिथे कचरा पडत होता. सुमारे वीस हेक्टर जागेवर तेवीस लाख टनांहून अधिक कचरा साचला आणि त्याचा ढीग सरासरी २६ मीटर उंचीला पोचला. म्हणजे आठमजली इमारतच म्हणा ना. आपल्या घरातली भाजीची देठं, उरलेलं अन्न आणि त्यांना गुंडाळलेल्या पातळ पिशव्या, सगळं तिथेच गेलं.

असा कचरा आतल्या आत कुजतो, तेव्हा मिथेन आणि कर्बवायू तयार होतात. मिथेन पेट घेणारा वायू. हवेत सुटला तर पृथ्वीची उष्णता वाढवण्यात कर्बवायूपेक्षा कितीतरी जहाल. महापालिकेने हे मैदान शास्त्रीय पद्धतीने बंद करायचे ठरवले. ढिगाला नीट उतार दिले, वरून आच्छादन घातले, ढिगात विहिरींसारखे नळ उतरवून वायू ओढून घेण्याची आणि तो जाळून टाकण्याची सोय केली. जिथे नाकाला पदर लावून जावे लागे, तिथे पुढे हिरवळ उगवली.

अशा आच्छादनांत मातीच्या थरांबरोबर प्लास्टिकची जाड चादर वापरायची पद्धत जगभर आहे. बहुधा टणक पॉलिथिनची, दीड-दोन मिलिमीटर जाडीची. म्हणजे आपल्या पातळ पिशवीच्या साठपट किंवा त्याहून जाड. मघाचा नियम आठवा. नुसत्या जाडीनेच झिरप साठाव्या हिश्शावर येते. तरी ती शून्य होत नाही. म्हणूनच नुसते झाकून भागत नाही, आतल्या वायूला नळाची सोपी वाट करून द्यावी लागते. पापुद्र्याने अडवायचे आणि नळाने वाट दाखवायची, अशी ती जोडी.

घरच्या घरी परीक्षा

तुम्हांला हे स्वतः पाहायचं असेल, तर एक सोपा प्रयोग सांगते. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा आणि पूर्ण निवू द्या. शंभर-शंभर ग्रॅमचे तीन वाटे करा. एक पातळ पिशवीत, एक जाड पिशवीत आणि एक घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. गाठीचा वाद नको म्हणून पिशव्यांची तोंडं मेणबत्तीच्या आचेजवळ धरून जपून चिकटवा. मुलांना लांब ठेवा, बरं का! स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिन्हींचे वजन बरणी-पिशवीसकट लिहून ठेवा. ऐन पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी पुन्हा वजन करा आणि मग पोहे खाऊन पाहा. काटा आणि दात, दोघंही एकच साक्ष देतील.

एवढं लक्षात ठेवा

सुकी मासळी भरण्यापूर्वी पुन्हा एकदा कडक उन्हात द्या आणि पूर्ण निवल्यावरच पत्र्याच्या, स्टीलच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात भरा. धातूतून आणि काचेतून काही झिरपत नाही. लक्ष ठेवायचं ते फक्त झाकणावर. प्लास्टिकच्या डब्याला प्लास्टिकचेच नियम लागू.

हिंग, लवंग, वेलची, गरम मसाला पिशवीत ठेवू नका. वास बाहेर जातो, म्हणजेच तुमचा पैसा बाहेर जातो. आणि उग्र वासाची पिशवी साबुदाणा, रवा, चहा यांच्या शेजारी तर मुळीच नको.

विकतच्या पाकिटातला माल शक्यतो त्याच पाकिटात राहू द्या. आतल्या थरांवर कारखान्याने डोकं चालवलेलं असतं. आपण पाकीट फोडतो आणि माल साध्या पिशवीत ओततो, तेव्हा ती सगळी मेहनत वाया घालवतो. पाकीट दुमडून, चिमटा लावून डब्यात ठेवलं तर उत्तम.

शेगडीजवळ पिशव्या ठेवू नका. उष्णतेने झिरप वाढते.

भाजीचं मात्र उलट. पालेभाजी तोडल्यावरही श्वास घेते, ऑक्सिजन घेते आणि कर्बवायू सोडते. तिला अगदी कोंडलं तर ती गुदमरते आणि सडते. म्हणून भाजीच्या पिशवीला भोकं असतात. नाहीतर आपली जुनी पद्धत बरी, ओलसर फडक्यात गुंडाळावी.

आणि पातळ हातपिशव्या? राज्यात २०१८ पासून त्यांना बंदी आहे, तरी अजून घराघरांत गादीखाली घड्या घालून ठेवलेल्या सापडतात. धान्य टिकवायला त्या पातळ, आणि कचऱ्यात मात्र चिवट. तेव्हा गोराईला जाताना काय न्यायचं, ते मी आता ठरवून टाकलं आहे.

गेल्या मे महिन्यात मी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊनच लाँचमध्ये चढले. मावशी तिथेच, त्याच मांडवाशेजारी होत्या. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, “मावशी, त्या वर्षी चूक माझी होती. चार माणसांत बोलले होते, म्हणून चार माणसांतच सांगते.” त्या हसल्या. एक बोंबील उचलून कट्कन मोडला आणि म्हणाल्या, “उघड डबा.”